मरणानंतर वीस वर्षांनी

लंडनच्या भिंतीवर आपल्या नावाची निळी पाटी लागावी असं वाटत असेल तर पहिली अट मरण्याची. मेल्यावर वीस वर्षं थांबायचं, ही दुसरी. तिसरी अट कुणाच्याच हातात नसते: आपण जिथे राहिलो त्यांतलं एखादं तरी घर तोवर जमीनदोस्त झालेलं नसावं. मार्गारेट थॅचर २०१३ साली गेल्या. अकरा वर्षं देश चालवलेल्या, निम्म्या देशाने डोक्यावर घेतलेल्या आणि उरलेल्या निम्म्याने शिव्याशाप दिलेल्या या बाईंचा विचार २०३३च्या आधी व्हायचा नाही. वीस वर्षांत मृत्युलेखांचा गहिवर ओसरतो, भक्त आणि वैरी दोघेही थकतात, आणि माणूस खरंच मोठा होता की नुसताच गाजलेला, हे थंड डोक्याने पाहता येतं, अशी त्यामागची समजूत.

पाटी दिसायला साधी. भाजलेल्या मातीची, गोल, साडेएकोणीस इंच व्यासाची, निळ्या झिलईवर पांढरी अक्षरं. नाव, जन्ममृत्यूची सालं, दोन-चार शब्दांत कर्तृत्व, आणि शेवटी ‘इथे राहत होते’. पुण्यातली पाटी आलेल्याने काय करू नये ते बजावते. लंडनमधली कोण राहून गेलं एवढं सांगून गप्प बसते. ती भिंतीत रुतवलेली असते आणि मध्यभागी किंचित फुगीर असते, म्हणजे पावसाने आपोआप धुतली जाते. लंडनमध्ये पावसाची वाण नाही.

अशा पाट्या आता हजाराच्या वर आहेत. त्या लावण्याचं काम सध्या ‘इंग्लिश हेरिटेज’ ही धर्मादाय संस्था करते. इंग्लंडात कुणाला थोर मानलं गेलं, कुणाला विसरलं गेलं आणि कुणाची आठवण उशिरा झाली, याचा इतका उघड, रस्त्यावर मांडलेला हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल. मात्र तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या भिंतींवर कर्तृत्वाइतकाच घराचा नकाशा बोलतो, मालकाची मर्जी बोलते, शेजाऱ्यांचा स्वभाव बोलतो, आणि कुणीतरी चिकाटीने लिहिलेला अर्जही बोलतो.

कल्पना मूळची विल्यम युअर्ट या खासदाराची. हा गृहस्थ चांगल्या कामांच्या मागे हात धुऊन लागणारा. १८५०चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हे मुख्यतः त्याचंच श्रेय. फाशीची शिक्षा कमी व्हावी म्हणूनही तो आयुष्यभर झगडला. १८६३ साली त्याने पार्लमेंटात सुचवलं की नामवंतांच्या राहत्या घरांवर खुणेच्या पाट्या लावाव्यात. सरकारने हात वर केले, तेव्हा सोसायटी ऑफ आर्ट्सने ते काम अंगावर घेतलं आणि १८६७ मध्ये पहिली पाटी लावली. ती होती कवी लॉर्ड बायरनच्या जन्मघरावर, हॉलिस स्ट्रीटला. १८८९ मध्ये ते घर पाडलं गेलं आणि घराबरोबर पाटीही गेली. माणसाला अमर करण्याची पहिलीच खटपट बावीस वर्षांत मातीत मिळाली.

आज टिकून असलेली सर्वांत जुनी पाटी त्याच वर्षीची, सेंट जेम्स भागातल्या किंग स्ट्रीटवर. ती आहे फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याची. एक तर तो परका. दुसरं म्हणजे पाटी लागली तेव्हा तो पॅरिसमध्ये गादीवर जिवंत बसलेला होता. जितेपणी पाटी मिळालेला तो एकटाच. परागंदा असताना तो या घरात राहिला, आणि १८४८च्या चार्टिस्ट मोर्चाच्या वेळी त्याने लंडनच्या रस्त्यावर खास शिपाई म्हणून पहाराही दिला. तेव्हा मरण्याची अट होती कुठे? ती नंतर आली. नियम बहुधा पहिल्या अपवादानंतरच सुचतात.

सोसायटीकडून १९०१ मध्ये हे काम लंडन काउंटी कौन्सिलकडे गेलं, १९६५ पासून ग्रेटर लंडन कौन्सिलकडे आणि १९८६ पासून इंग्लिश हेरिटेजकडे. रंगही आधी ठरलेला नव्हता. कित्येक जुन्या पाट्या चॉकलेटी आहेत. आज जिला सगळे ‘ब्लू प्लाक’ म्हणून ओळखतात तिचं साधं, सुटसुटीत रूप १९३८ साली सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समधल्या एका विद्यार्थ्याने आखून दिलं. मानधन मिळालं चार गिनी. विद्यार्थ्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. हजारभर माणसांची नावं ज्या आराखड्यावर कोरली गेली, त्या आराखड्याचा कर्ता बेपत्ता.

*

युअर्टच्या मनात हे आलं ते काही आकाशातून पडलं नव्हतं. त्या काळाच्या हवेतच वीरपूजा होती, आणि तिचा मुख्य पुजारी चेल्सीतल्या चेनी रो या गल्लीत राहत होता. टॉमस कार्लाइल हा स्कॉटिश लेखक. जगाचा इतिहास म्हणजे मूलतः थोर पुरुषांची चरित्रं, हे मत त्याने १८४०च्या व्याख्यानांत मांडलं आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. पैगंबर, कवी, धर्मगुरू, राजा अशा पायऱ्यांनी तो वीरांची चढण रचतो. इंग्रजी शाळांतून ते पुस्तक जगभर गेलं, आपल्याकडच्या पहिल्या पदवीधर पिढ्यांच्या टेबलावरही आलं.

या कार्लाइलच्याच आयुष्यातला एक प्रसंग त्याच्या सिद्धान्ताशी फटकून वागतो. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचं हस्तलिखित त्याने मित्राला, जॉन स्टुअर्ट मिलला, वाचायला दिलं होतं. १८३५ मध्ये मिल पांढराफटक चेहरा करून दारात उभा राहिला. मोलकरणीने रद्दी समजून कागद चुलीत घातले होते, असं सांगितलं जातं. कार्लाइलने जिद्दीने सगळा खंड पुन्हा लिहून काढला. मोलकरणीचं काय झालं ते इतिहास सांगत नाही.

मोठी माणसं गोळा करण्याचा हा ध्यास पुढे संस्थांच्या रूपाने पक्का झाला. १८५६ मध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी स्थापन झाली. तिच्या दरवाज्यावर जे तीन अर्धपुतळे आहेत त्यांत कार्लाइल एक आणि मेकॉले दुसरा. चित्र किती चांगलं रंगवलं आहे याला तिथे दुय्यम स्थान, चित्रातला माणूस कोण याला पहिलं. आणि जिवंत माणसाला प्रवेश नव्हता, अपवाद फक्त राजघराण्याचा. हा नियम शंभराहून जास्त वर्षं चालला. तिथेच जुलै १९१४ मध्ये स्त्रियांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीतली एक कार्यकर्ती खाटकाचा सुरा घेऊन आली आणि तिने मिले या चित्रकाराने काढलेल्या कार्लाइलच्या चित्रावर घाव घातले. चळवळीची नेती एमेलिन पँकहर्स्ट तेव्हा तुरुंगात ये-जा करत होती. लंडनभर टांगलेल्या चित्रांतून नेमका कार्लाइलच का, असा प्रश्न मला पडतो. पण निवड चुकली, असं काही म्हणवत नाही.

दुसरी संस्था कागदावरची. लेस्ली स्टीफन यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’चं काम सुरू झालं. १८८५ ते १९०० या काळात तिचे त्रेसष्ट खंड निघाले. स्टीफन त्या कामाने खंगले, आजारी पडले. काम सुरू झालं त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. ती पुढे व्हर्जिनिया वूल्फ. वडिलांच्या खंडांतून मिरवणाऱ्या थोरांच्या मांदियाळीत बायका औषधापुरत्या. मुलीने ‘ऑर्लंडो’ लिहिलं तेव्हा चरित्रलेखनाच्या सगळ्या रिवाजांची टर उडवली: नायक मध्येच स्त्री होतो आणि तीनशेहून जास्त वर्षं जगतो. बाप आणि मुलगी दोघांच्याही पाट्या लंडनमध्ये आहेत, वेगवेगळ्या घरांवर.

याच मालिकेतली अलीकडची कडी म्हणजे २००२ सालचा बीबीसीचा कौल, ‘शंभर थोर ब्रिटन’. चर्चिल पहिले, पूल आणि रेल्वे बांधणारा इंजिनिअर ब्रुनेल दुसरा, राजकन्या डायना तिसरी. डार्विन, शेक्सपिअर, न्यूटन त्यांच्या मागे. ब्रुनेलच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठातल्या मुलांनी त्याच्यासाठी धडाधड मतं टाकली होती, हे तेव्हा उघड गुपित होतं. शंभरांत कृष्णवर्णीय कुणी नव्हतं. म्हणून लवकरच वेगळा कौल झाला आणि त्यात क्रिमियन युद्धात जखमींची सेवा करणारी जमैकन बाई, मेरी सीकोल, पहिली आली. यापलीकडे त्या कौलाबद्दल फार लिहावं असं नाही. मोजणी आणि मोठेपण यांचं सूत जमत नाही एवढंच त्यातून दिसलं.

*

पाटीचं काम कौलापेक्षा फार संथ आणि म्हणून फार मजेचं आहे. प्रस्ताव कुणीही पाठवू शकतो. अर्जाला पुरावे जोडावे लागतात. इतिहासतज्ज्ञ आणि वास्तुतज्ज्ञांची समिती बसते. वर्षाकाठी डझनभर पाट्या लागतात, आणि प्रस्तावापासून भिंतीपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात. एकदा नकार आला की दहा वर्षं तोच अर्ज पुन्हा करता येत नाही. समितीने होकार दिला म्हणून संपत नाही. घराच्या मालकाची संमती लागते, आणि मालक नाही म्हणाला तर न्यूटन असला तरी उपयोग नाही.

सगळ्यांत चिवट काम पत्ता पक्का करण्याचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रस्त्यांची नावं बदलली, घरांचे क्रमांक नव्याने दिले गेले. कार्लाइल ज्या घरात राहायला गेला ते चेनी रोचं पाच नंबर. आज तेच घर चोवीस नंबरचं आहे. जुन्या पत्रावरचा पत्ता घेऊन सरळ त्या नंबराच्या दारात उभं राहिलं तर भलत्याच्याच घरावर पाटी लागायची. म्हणून मग कराच्या वह्या, जनगणनेची पानं, मतदारयाद्या, टपाल खात्याच्या जुन्या निर्देशिका आणि नकाशे एकमेकांशी ताडून पाहायचे. माणूस भाड्याच्या खोलीत राहिला असेल तर कराच्या वहीत नाव मालकाचं, त्याचं नाही. गरिबाचा पत्ता शोधणं श्रीमंताच्या पत्त्यापेक्षा कित्येक पटींनी अवघड असतं. थोरवीच्या या यादीत मुळातच कुणाचं पारडं जड राहणार ते इथेच ठरून जातं.

कधी हा शोध एखाद्या रिकामपणातून लागतो. १९७१ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. संपावर बसलेल्या एका पोस्टमनला व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं वेड. चित्रकार होण्यापूर्वी तरुण व्हॅन गॉग १८७३ मध्ये लंडनमधल्या कलाविक्रेत्याच्या दुकानात नोकरीला होता, पण तो राहायचा कुठे ते नक्की ठाऊक नव्हतं. काम बंद, हातात वेळ. पोस्टमनने जुन्या नोंदी चाळून दक्षिण लंडनच्या स्टॉकवेल भागातलं हॅकफर्ड रोडवरचं घर शोधून काढलं. दोन वर्षांनी तिथे पाटी लागली. पत्ते शोधण्यात पोस्टमनचा हात कोण धरणार!

मालकाच्या संमतीची सर्वांत गमतीची गोष्ट सोहोमधली. डीन स्ट्रीटच्या अठ्ठावीस नंबरच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या कोंदट खोल्यांत, कार्ल मार्क्स १८५० नंतरची पाच-सहा वर्षं बायकामुलांसह राहिला. कर्जबाजारी होता, त्याची दोन मुलं त्याच घरात दगावली. पुढे तिथे ‘क्वो व्हाडिस’ नावाचं झोकदार रेस्तराँ आलं. १९६७ मध्ये पाटी लागायची वेळ आली तेव्हा इटालियन मालक कुरकुरले: माझ्याकडे जेवायला येतात ते श्रीमंत, सरदार, राजघराण्यातले, आणि हा माणूस तर त्या सगळ्यांचाच निकाल लावायला निघाला होता! तरी पाटी लागली आणि आजही आहे. त्याआधी १९३५ मध्ये उत्तर लंडनच्या मेटलंड पार्कमध्ये मार्क्सची पाटी लावली होती, ती लोकांनी इतक्यांदा फोडली की कौन्सिलने नाद सोडला.

आणि कधी पाटीच एखाद्याच्या आयुष्यात शिरते. १९६२च्या हिवाळ्यात नवऱ्यापासून वेगळी झालेली अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ दोन लहान मुलांना घेऊन लंडनमध्ये घर शोधत होती. फिट्झरॉय रोडवर भाड्याने द्यायच्या घरावर तिला कवी येट्सची पाटी दिसली. तिला तो शुभशकुन वाटला. ती तिथे राहायला गेली आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये त्याच घरात तिने जीव दिला. तिची स्वतःची पाटी मात्र त्या घरावर नाही. जवळच्या चाल्कॉट स्क्वेअरमध्ये, जिथे तिचे बरे दिवस गेले, तिथे आहे. २००० साली तिच्या मुलीने ती अनावृत केली. मरणाच्या घरावर का नाही, असं विचारणाऱ्याला मुलीने उत्तर दिलं की आई तिथे मेली, पण जगली इथे.

*

मराठी माणसाला या पाट्यांमध्ये ओळखीची नावं भेटतात. मायडा व्हेल भागात, हाउली प्लेसच्या दहा नंबरवर, लोकमान्य टिळक. पाटी १९६१ची. टिळक १९१८च्या अखेरीस तिथे गेले ते व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकारावरचा अब्रुनुकसानीचा दावा लढवायला. चिरोलने आपल्या पुस्तकात त्यांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवलं होतं. विलायतेच्या कोर्टात त्या शब्दांचं बिरुद होणार नव्हतं. चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन, टिळकांकडून सर जॉन सायमन. होय, तेच सायमन, ज्यांच्या नावाच्या कमिशनला १९२८ मध्ये इथल्या रस्त्यारस्त्यांवर काळे झेंडे दाखवले गेले. टिळक दावा हरले, खर्चाचा डोंगर झाला, आणि तो उपसायला महाराष्ट्रात वर्गणी जमवावी लागली. त्यानंतरही टिळक काही महिने तिथे थांबून सभा, भेटीगाठी करत राहिले. पराभवाचं ते वर्ष आज त्या शांत, झाडांच्या रस्त्यावर ‘भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ’ अशा शब्दांत उरलं आहे.

तेच दोन शब्द उत्तरेला हायगेटमध्ये, क्रॉमवेल ॲव्हेन्यूच्या पासष्ट नंबरवर पुन्हा दिसतात, विनायक दामोदर सावरकर या नावाखाली. हे घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं ‘इंडिया हाउस’. स्कॉटलंड यार्डचे गुप्तचर ज्या दारावर पाळत ठेवून असत, ज्या वर्तुळातल्या मदनलाल धिंग्रांनी १९०९ मध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या, त्याच दाराशेजारी १९८५ मध्ये लंडनच्या नगरसत्तेने मानाची पाटी लावली. अनावरण केलं लॉर्ड फेनर ब्रॉकवे यांनी: कलकत्त्यात जन्मलेले, हाडाचे समाजवादी आणि वसाहतवादाचे शत्रू. सावरकरांना डोक्यावर घेणाऱ्या आणि त्यांना धारेवर धरणाऱ्या आपल्या आजच्या दोन्ही गटांना हे चित्र पचायला जड जाईल.

हे घडलं कसं? ग्रेटर लंडन कौन्सिल तेव्हा केन लिव्हिंगस्टन यांच्या डाव्या गटाच्या हाती होतं आणि थॅचरबाई ते बरखास्त करायला निघाल्या होत्या. साम्राज्याच्या राजधानीत साम्राज्याच्या विरोधकांना आणि काळ्या-सावळ्या लोकांना भिंत मिळाली पाहिजे, ही त्या शेवटच्या वर्षांतली भूमिका. राजा राममोहन रॉय यांची बेडफर्ड स्क्वेअरमधली पाटीही १९८५चीच. मार्च १९८६ मध्ये कौन्सिल संपलं. पाट्या राहिल्या. त्यांच्यावर कुठल्या राजकारणाने त्या लावल्या ते लिहिलेलं नसतं, आणि ते बरंच आहे.

दादाभाई नौरोजींना मात्र फार थांबावं लागलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारा हा पारशी गृहस्थ १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेला, अवघ्या पाच मतांनी. त्याआधी पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरींनी जाहीर सभेत त्यांना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवलं होतं. त्या उद्गाराने दादाभाईंचं नाव इंग्लंडभर झालं. विसाव्या शतकाच्या तोंडावर ते दक्षिण लंडनच्या अनर्ली पार्कमध्ये ‘वॉशिंग्टन हाउस’ या घरात राहत होते. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा आकडेवार हिशेब मांडणारं त्यांचं पुस्तक १९०१ मध्ये निघालं, ते याच काळात. त्या घरावर इंग्लिश हेरिटेजची पाटी लागली ऑगस्ट २०२२ मध्ये. मृत्यूला तेव्हा एकशेपाच वर्षं झाली होती. वीसची अट कधीच ओलांडलेली.

आणि मग किंग हेन्रीज रोड, दहा नंबर. प्रिमरोझ हिलजवळच्या या घरात १९२१-२२ मध्ये भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी राहत होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडावं लागलेलं शिक्षण पुरं करायला तो पैसे साठवून परत आला होता. दिवसभर ग्रंथालयात, अर्धपोटी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा प्रबंध त्याच तपश्चर्येचा. घरावर त्यांच्या नावाची पाटी पुष्कळ आधीपासून होती. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तीस कोटींहून जास्त रुपये मोजून घरच विकत घेतलं आणि नोव्हेंबरात भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं.

पुढचं नाट्य कमी लोकांना ठाऊक आहे. राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर स्थानिक कौन्सिलची परवानगी हवी. ती नव्हती. काही शेजाऱ्यांनी तक्रार केली: बसगाड्या भरून माणसं येतात, गोंगाट होतो, फोटो काढतात. कॅम्डन कौन्सिलने परवानगी नाकारली. शहरात घरांची टंचाई असताना एक राहतं घर कमी करता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. प्रकरण अपिलात गेलं, २०१९ मध्ये रीतसर चौकशी बसली, वकील उभे राहिले, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निकाल दिला. मला यात कौन्सिलचा मुद्दा अगदीच पोकळ वाटत नाही. शेजाऱ्यांचा मात्र वाटतो. बीटल्सच्या पाऊलखुणांवरून झेब्रा क्रॉसिंगवर गर्दी करणाऱ्या परदेशी पाहुण्यांना त्याच शहराने कधी हाकललं नाही.

खरी गंमत याहून खोल आहे. याच आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात, रानड्यांच्या जयंतीनिमित्त डेक्कन सभेपुढे जे भाषण केलं, त्यात त्यांनी कार्लाइललाच समोर घेतलं. थोर पुरुष इतिहास घडवतो का, की तो परिस्थितीचं बाहुलं? आंबेडकरांनी माणसाचा वाटा नाकारला नाही. पण कार्लाइलने सांगितलेली प्रामाणिकपणाची कसोटी त्यांना अपुरी वाटली. नामांकित माणूस वेगळा आणि थोर माणूस वेगळा. थोराच्या मागे समाजाची प्रेरणा हवी, समाजाला चाबूक मारण्याची आणि त्याची घाण उपसण्याची तयारी हवी, असा त्यांचा निकष. त्या मापाने त्यांनी रानड्यांना थोर ठरवलं आणि गांधी-जिनांना झोडपलं. भाषण छापताना जोडलेल्या प्रस्तावनेत आपण मूर्तिपूजक नसून मूर्तिभंजक आहोत, असंही त्यांनी स्पष्ट केलं. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ला, घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी मिलचा हवाला देऊन बजावलं की कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायावर वाहू नका. तोच मिल, ज्याच्या घरी कार्लाइलचे कागद जळाले.

*

२०१८च्या सुमारास इंग्लिश हेरिटेजने स्वतःच हिशेब जाहीर केला: लंडनच्या पाट्यांपैकी बायकांच्या सुमारे १४ टक्के. त्यांतली पहिली पाटी १८७६ मध्ये नटी सारा सिडन्सला मिळाली होती. तिचं घरही १९०५ मध्ये पाडलं गेलं. संस्थेने लोकांना आवाहन केलं की बायकांचे प्रस्ताव पाठवा, कारण येतच नाहीत. मग हळूहळू यादी बदलू लागली. २०२० मध्ये ब्लूम्सबरीतल्या टॅव्हिटन स्ट्रीटवर नूर इनायत खान यांची पाटी लागली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये ब्रिटनसाठी गुप्त रेडिओ चालवणारी आणि नाझींनी डाखाऊच्या छावणीत ठार केलेली ही तरुणी. २०२३ मध्ये हजारावी पाटी आली ती एका माणसाची नसून संघटनेची: मताधिकारासाठी लढलेली विमेन्स फ्रीडम लीग.

जून २०२२ मध्ये पूर्व लंडनच्या हॅकनीत, किंग एडवर्ड्स रोडच्या सव्वीस नंबरवर एक पाटी लागली. तिच्यावर व्यक्तीचं नाव नाही. ‘आयाज होम’, आयांचं वसतिगृह, एवढंच. हिंदुस्थानातून परतणाऱ्या साहेबांच्या बायका जहाजावर मुलं सांभाळायला आया घेऊन येत. लंडन आलं की कित्येकींना परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलं जाई. मग त्या या घरात दुसरं कुटुंब पूर्वेकडे निघण्याची वाट पाहत राहत. १९०० पासून एकवीस वर्षं ते घर चाललं, वर्षाला शंभरेक बाया तिथे उतरत; नंतर वसतिगृह त्याच रस्त्यावर दुसरीकडे हललं. त्यांच्यातल्या बहुतेकींची नोंद आहे ती ‘आया, अमक्या मेमसाहेबांची’ अशी. त्यांच्यासाठी अर्ज केला तोही कुणा नामांकित संस्थेने नव्हे, बीबीसीच्या एका माहितीपटात या घराचा ओझरता उल्लेख ऐकून ते शोधत निघालेल्या लंडनच्याच एका तरुणीने.

म्हणून आता सुचवावंसं वाटतं की कुणा मराठी माणसाने रखमाबाईंचा प्रस्ताव तयार करायला हरकत नाही. लहानपणी झालेलं लग्न नाकारून मुंबईच्या कोर्टात उभी राहिलेली, तुरुंगाची धमकी पत्करलेली ही मुलगी १८८९ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाली आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतली. पुढची कितीतरी वर्षं तिने सुरत आणि राजकोटला रुग्णालयं सांभाळली. १९५५ मध्ये तिचं निधन झालं, म्हणजे वीस वर्षांची अट केव्हाच पुरी आहे. कर्तृत्वाबद्दल समितीला शंका येईल असं वाटत नाही. अडचण घराची. सुरुवातीला तिला आसरा देणारे मॅकलॅरन दांपत्य बडं होतं, त्यांचा पत्ता सापडेल. ती नंतर जिथे भाड्याने राहिली त्या खोल्यांसाठी कॉलेजच्या नोंदवह्या आणि १८९१ची जनगणना चाळावी लागेल. मग तो नंबर आज कोणता झाला ते पाहायचं, इमारत उभी आहे का ते पाहायचं, आणि दार वाजवून मालकाला विचारायचं.